निमगडे बाईंची दुरुस्ती

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी आईवडिलांचं नाव घेत नाही, निमगडे बाईंचं घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. बाबा तर स्वतःच लोकांना सांगतात, जन्म आम्ही दिला, बाकीचं सगळं बाईंनी केलं. एटापल्लीच्या पलीकडच्या आमच्या गावात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी पूर्वी जरा अभिमानाने सांगत असे. एकदा बाईंच्या देखत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पहिला हायेस तं लाज वाटाले पाह्यजे. दुसरा काऊन नाई झाला अजून?"

लाज हा त्यांचा नेहमीचा शब्द. बहुतेक शिक्षक तो पोरांवर छडीसारखा वापरतात. बाई तो आधी स्वतःवर वापरायच्या.

त्या आलापल्लीच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या. नोकरीला म्हणून इकडे आल्या आणि पुढे बदली मागितलीच नाही. उंच, काटकुळ्या, चष्म्याला काळी दोरी. हातात छत्री असायची, पण ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या रस्त्याने ती काठीसारखी पुढे रोवत त्या भराभर चालत, आणि शाळेत पोचेपर्यंत पांढऱ्या साडीचा काठ लाल होऊन जाई. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणत, "वेळ नाई भेटला. भेटला तं करीन."

मी आठवीत हॉस्टेलला आलो तेव्हा मला मराठीसुद्धा धड येत नव्हतं. घरी आम्ही माडिया बोलतो. इंग्रजीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायचो. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने मला उठवून पहिल्या बाकावर आणलं असतं. बाईंनी तसं केलं नाही. त्याच शेवटच्या बाकाजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच शिकवू लागल्या. पुढची पोरं मान वळवून बसली. कुणीतरी कुरकुर केली, "बाई, मान दुखते." बाई म्हणाल्या, "आजवर याची दुखून राह्यली होती. थोडे दिवस तुह्यी दुखू दे."

पण बाई ओळखल्या जात त्या दुरुस्तीसाठी. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकट आखून ठेवली होती, तिच्यावर लिहिलेलं, 'दुरुस्ती'. शिकवताना आपली चूक झाली असं घरी गेल्यावर लक्षात आलं, की दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी त्या चौकटीत ती लिहीत. "काल माही चूक झाली. लिवून घ्या." दुसरे शिक्षक म्हणत, याने पोरांसमोर मान राहत नाही. बाई म्हणत, "मी लपवली तं चूक माह्याजवळ नाई राहत. पोराच्या डोक्यात राह्यते."

अडचण एवढीच होती की काही चुका त्यांना फार उशिरा कळत. तोवर पोरं शाळा सोडून गेलेली असत. मग बाई त्यांना गाठत. बस थांबवून कंडक्टरला, दवाखान्यात नर्सला, रांगेत उभ्या बाईला. एकदा आठवडी बाजारात त्यांनी मासे विकणाऱ्या गजूला गाठलं. मी पिशवी धरून मागे उभा होतो.

"गजू, तुह्या सातवीत मी सांगितलं होतं का देवमासा हा सगळ्यात मोठा मासा होय. तो मासा नाई. माही चूक झाली."

गजूने सुरी खाली ठेवली. "बाई, मी कुठी इकून राह्यलो त्याले?"

"इकत नाईस, पण पोराले सांगशील ना."

"सांगतो. आज रोहू घेऊन जा, तो पक्का मासा होय."

पाईचं सगळं याच सवयीतून निघालं. पाई म्हणजे इंग्रजीतला 'pie' हा पदार्थ; त्याचा उच्चार पाय केला की वर्गात खसखस पिके, म्हणून बाई पाई म्हणत, आणि मीही तेच म्हणतो. इंग्रजीच्या एका धड्यात कुणाची तरी आजी नातवंडांसाठी पाई भाजते. तो धडा आला की पोरं विचारत आणि बाई सांगत, पाई म्हणजे गोड पोळी, आपल्या पुरणपोळीसारखी. मलाही त्यांनी असंच सांगितलं होतं. मग एका सुट्टीत त्या प्रशिक्षणासाठी नागपूरला गेल्या आणि तिथे फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एक जाड इंग्रजी पुस्तक दिसलं. वरचं पान फाटलेलं. आत नुसत्या गोड पाईच्या कृती, शेकड्यांनी, रंगीत फोटोंसकट.

"ते तं घर होतं रे," परत आल्यावर त्या मला सांगत होत्या. "भिंती होत्या, छत होतं, मधात फळं भरलेली. अन मी पोळी सांगत बसली. उभ्या उभ्या घाम फुटला मले."

चौकटीत दुरुस्ती लिहून झाली, पण बाईंचं समाधान होईना. फोटो पाहिला म्हणजे कळलं असं होत नाही, एकदा करून पाहिली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. तोवर मी अहेरीच्या कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि त्यांनी मला आपल्या घराची मागची खोली राहायला दिली होती. त्यामुळे बाईंचं हे शिक्षण मी जवळून पाहिलं. शिकवणारं पुस्तक होतं, शिकणारी साठीकडे झुकलेली विद्यार्थिनी होती, आणि परीक्षक म्हणून मी.

पुस्तक थंड देशातलं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, लोणी कडक असावं आणि हात गार असावेत. आलापल्लीच्या उन्हाळ्यात लोणी फडक्यातून काढेपर्यंत त्याचं तूप व्हायचं. बाई कोपरापर्यंत हात माठात बुडवून बसत, मग धावत येऊन मैद्यात बोटं घालत. लोणी मैद्यात असं चोळायचं की रव्यासारखं भुसभुशीत झालं पाहिजे. ते कणकेसारखं होई. "पुन्हा पोळीच झाली," त्या म्हणत आणि ती लाटून, तव्यावर भाजून आम्ही खात असू.

मग त्यांनी गजूकडून बर्फ आणला. बर्फाच्या भांड्यात परात ठेवून मळलं, तेव्हा पीठ पहिल्यांदा पुस्तकातल्यासारखं झालं. साच्याऐवजी लाडवांच्या डब्याचं झाकण, भट्टीऐवजी पातेल्यात वाळू आणि वरच्या ताटात निखारे. आत सीताफळाचा गर. रंग असा सुंदर आला की बाईंनी शेजारच्यांना बोलावलं. पहिल्या घासालाच कळलं. बर्फ मासळीचा होता. सीताफळाला प्राणहिता नदीतल्या झिंग्यांचा वास येत होता. शेजारीण भली बाई, ती म्हणाली, "चांगली आहे, फक्त थोडा कांदा पाहिजे होता." बाईंनी ती सगळी पाई दोन दिवस एकट्याने खाल्ली. मी मागितली तर दिली नाही. "माही चूक हाये, मीच खाईन."

पुढे चंद्रपूरहून विजेची छोटी भट्टी आली. संध्याकाळी वीज इतकी कमी यायची की भट्टीतला दिवा काजव्यासारखा दिसे, म्हणून बाई पहाटे भाजत. ट्रकांची धूळ येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेत आणि घामाने निथळत पीठ लाटत. सफरचंद, चेरी असलं काही आलापल्लीत मिळत नव्हतं. बाईंनी पुस्तकातल्या नावांवर पेन्सिलीने काट मारून वर लिहिलं, जांभूळ, बोरं, टेंभरं, कैरी. एका पानावर मोहफुलंही लिहिली. ते पाहून मी ओशाळलो. कॉलेजात मी मोहाचं नाव काढत नसे. नाव काढलं की पोरं बाटलीची खूण करून हसत. बाईंनी मोहाची पाई केली, मला ताटात दिली आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

"गोड हाये ना?"

"हो."

"मंग खाली काऊन पाहून राह्यला?"

ज्या दिवशी पाई खरोखर जमली त्या दिवशी बाई ती शाळेत घेऊन गेल्या. जांभळाची होती. वरचं छत पट्ट्या विणून केलेलं, आमच्याकडच्या बांबूच्या तट्ट्यासारखं. सुरी, कागदी बशा सगळं बरोबर नेलं. मी डबा पोचवायला गेलो होतो म्हणून मला पाहायला मिळालं. शिक्षकांच्या खोलीत एक मॅडम म्हणाल्या, "आज नको हो बाई, आज उपास आहे." एका सरांना साखरेचा आजार होता. आणखी एका मॅडमचाही उपास निघाला. एका सरांनी "घरी पोरांना नेतो" म्हणून दोन तुकडे कागदात बांधून घेतले. मला वाटलं, बरं झालं. शाळा सुटल्यावर बाई आणि मी हातपंपाजवळून निघालो, तर भिंतीमागे तोच कागद पडलेला होता आणि एक बकरी तो खात होती.

बाई क्षणभर थांबल्या. त्यांनी छत्री रोवली आणि चालू लागल्या. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बकरीले आवडली."

मी तेव्हा विचारलं, उपास कशाचा होता, वार तर बुधवार. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इंग्रजीच्या पेपरात शून्य मिळवून आलो आहे. मग सांगितलं. त्या नोकरीला लागल्यापासून ज्या ज्या दिवशी त्यांनी डबा पुढे केला, त्या त्या दिवशी त्या खोलीत कोणाचा ना कोणाचा उपास असे. "आता मी कॅलेंडर पाहतच नाई," त्या म्हणाल्या. "माहा डबा निघाला का एकादशी लागते." त्यानंतर त्यांनी पाई शाळेत नेली नाही. दर रविवारी हॉस्टेलला नेत. तिथे कोणाचाही उपास नसायचा.

एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर एप्रिलमध्ये होता. त्या दिवशी मला न्यायला आईबाबा येणार होते. मोह पडायचे दिवस, घर सोडणं सोपं नव्हतं, तरी बाबांनी निरोप पाठवला होता की बाईंना भेटायला तरी येऊच. बाई दोन दिवस आधीपासून तयारीला लागल्या. "पुस्तकातली नाई, आपली करू," म्हणाल्या. बाजारातून कैऱ्या आणल्या, त्या गुळात शिजवल्या. मी सकाळी अहेरीला निघालो तेव्हा घरभर त्या आंबटगोड वाफेचा वास होता आणि बाई छताच्या पट्ट्या विणत होत्या. इतक्या खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

दुपारी परत आलो. आई आणि बाबा खुर्च्यांच्या कडेला टेकून बसले होते, आता घसरून पडतील असे. बाबांच्या मांडीवर बशी होती, बशीत पाईचा तुकडा, जसाच्या तसा. आईची बशी खाली जमिनीवर, तीही तशीच. बाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या भांडी घासत होत्या.

"गेला पेपर चांगला?" त्यांनी न वळता विचारलं.

"हो बाई."

"बस चुकवू नोका मंग."

मी गावी निघालो की बाई नेहमी काहीतरी डब्यात भरून देत. त्या दिवशी दिलं नाही. मला वाटलं, आईबाबांना चव आवडली नाही आणि बाई हिरमुसल्या. आईबाबांचीच मला लाज वाटली. एवढा एक घास गिळायला काय झालं होतं?

बस सुटल्यावर बाबांनी सांगितलं. आंबा नवा होता. गावात अजून मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाला नव्हता. आमच्यात नवं फळ आधी देवाला आणि पूर्वजांना देतात, गायता म्हणजे गावचा पुजारी त्याचा दिवस ठरवतो, आणि तो दिवस होईपर्यंत कोणी आंब्याला तोंड लावत नाही. हे मला काय माहीत नव्हतं? पण शहराच्या जेवणात वर्षं काढल्यावर माझ्या ते लक्षातच राहिलं नव्हतं. बाबांना मराठी थोडंच येतं. त्यांनी दोन्ही हात जोडून बाईंना जेवढं येत होतं तेवढं सांगितलं होतं, "आज नाई, बाई."

आज नाई. शिक्षकांच्या खोलीत बाई नेमकं हेच ऐकत आल्या होत्या, आणि मला ती बकरी आठवली.

बस अजून आलापल्लीच्या जवळच होती, उतरता आलं असतं. उतरलो नाही. जाऊन काय सांगणार होतो? ज्या बाई वर्गात प्रत्येक गोष्टीला "काऊन?" विचारायला शिकवत, देव मानत नसत, त्यांना मी पदवीची शेवटची परीक्षा देऊन आलेला माणूस सांगणार की माझे बाबा पुजाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय कैरी खात नाहीत? गावात फोनला रेंज नसते. टेकडीवर चढलं की मिळते. मी दोनदा चढलो, नंबर लावला आणि वाजायच्या आधी कापला. आता आठवलं की कान गरम होतात. बाबा माझ्याकडे पाहत आणि काही विचारत नसत. त्यांनाही चैन नव्हतं. मोह वेचताना एकदा म्हणाले, "बाईंच्या घरी मी चांगला वागलो नाही."

आठवडाभराने भर उन्हात बाई आमच्या अंगणात आल्या. जीप रस्त्यावर सोडून गेली होती, तिथून त्या छत्री रोवत चालत आल्या होत्या. छत्री अर्थातच बंद. खांद्याला पिशवी. आई वाळत घातलेल्या मोहाजवळून उठली, तिने खाट पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"आधी दुरुस्ती. मंग बसते." त्यांनी मला बोलावलं. "तू माडियात सांग. जसंच्या तसं सांग. आपल्या मनानं गोड नोको करू."

मग त्या बाबांकडे वळल्या. "भाऊ, त्या दिवशी तुम्ही खाल्लं नाई. मी समजली, माह्या हातचं होतं म्हणून नाई खाल्लं. तुम्ही गेल्यावर मी ते सगळं उकिरड्यावर फेकलं. काल हॉस्टेलच्या पोरीले कैरीची फोड दिली, तं ते म्हणे, आमचा पंडुम व्हायचा हाये बाई. मी विचारलं, पंडुम काय असते? अन तिनं सांगितलं. इतके वर्ष इथी राह्यली, शेकड्यानं पोट्टे शिकवले, अन मले हे माहीत नाई. तुमच्याबद्दल मी मनात वाईट आणलं. माही चूक झाली."

मी एकेक वाक्य माडियात सांगत गेलो. "माह्या हातचं" इथे आलो आणि अडलो. शब्द होते, पण बाबा वाट पाहत राहिले. "हाताला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

मग मला ते सगळं सांगावं लागलं. कोणाच्या हातचं कोण खात नाही, शाळेतल्या त्या खोलीत उपास का निघतात, कागद, बकरी, सगळं. बाईंना माडिया येत नाही, पण मी काय सांगतो आहे हे त्यांना कळत होतं. त्या जमिनीकडे पाहत उभ्या होत्या, पायाने मोहाचं एक फूल बाजूला सारत. ज्यांनी मला बोलायला शिकवलं, त्यांच्या समोर उभं राहून त्यांचीच अप्रतिष्ठा मी शब्द शोधून शोधून सांगत होतो. अशी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

बाबांनी आईने पुढे केलेली खाट बाईंकडे आणखी सरकवली. मग म्हणाले, "त्या मास्तर लोकांचा पंडुम राहिला असेल."

मी ते मराठीत सांगितलं. बाईंनी वर पाहिलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या मोठ्याने हसू लागल्या, इतक्या की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. "हो भाऊ," त्या म्हणाल्या, "लय वर्षांपासून राह्यला हाये त्यांचा."

पुष्कळ दिवस मला वाटे, बाबा भोळेपणाने तसं बोलले. आता वाटत नाही. कोणाच्या हातचं खायचं नाही हे ठरवणारी माणसं आमच्या भागातही आहेत आणि बाबांनी ती पाहिलेली आहेत. त्यांना सगळं कळलं होतं. पाहुणीला मान वर करता यावी म्हणून ते तसं बोलले.

बाबांनी आपलीही दुरुस्ती केली. म्हणाले, मलाच नीट सांगता आलं नाही, माझ्या मराठीची लाज वाटली. आणि बशी शेवटपर्यंत मांडीवर ठेवली, कारण वास फार चांगला होता.

खाटेवर बसल्यावर बाईंनी मला हळूच विचारलं, "तुले माहीत होतं?"

"बसमध्ये कळलं."

"मंग फोन काऊन नाई केला?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठलो.

पंडुम दोन दिवसांवर होता. बाई थांबल्या. म्हाताऱ्या गायत्याला त्यांनी विचारलंच, इतकं थांबायचं काऊन? तो म्हणाला, "ज्यांनी झाडं राखली त्यांनी आधी खावं. ते मेले म्हणून काय उपाशी ठेवायचे?" बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "हे चुकीचं नाई." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पैकीच्या पैकी.

पूजा झाली, गावाने आंबा खाल्ला, आणि मग आई आणि बाईंनी मिळून पाई केली. पुस्तक आलापल्लीलाच राहिलं होतं. पिशवीतल्या लोण्याचं वाटेतच तेल झालं होतं. मातीच्या भांड्यात ठेवून वर निखारे टाकले, तर छत करपलं आणि तळ कच्चा राहिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या मोठमोठ्याने एकमेकींना दोष देत होत्या. बाबांनी आपला वाटा शेवटपर्यंत खाल्ला. मी विचारलं, कशी आहे? ते म्हणाले, "आतलं चांगलं आहे." ते मी बाईंना सांगितलं.

"भाऊ खोटं नाई बोलत," बाई म्हणाल्या आणि करपलेला भाग स्वतःच्या बशीत ओढून घेतला.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि चंद्रपूरला बहिणीजवळ राहायला गेल्या. शाळेतला निरोपाचा कार्यक्रम त्यांनी लवकर आटोपला. त्यात नाश्ता होता, बाईंनी तो घेतला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आज माहा उपास." मी त्यांना आलापल्लीच्या बस थांब्यावर सोडायला गेलो. सामान टपावर गेलं, पण भट्टी काही त्यांनी दिली नाही, मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टर त्यांचाच विद्यार्थी, तो भट्टीचं तिकीट लागते म्हणून चिडवत होता. बस हलली. मी हात जोडले. वळणावर अचानक खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं, चष्मा दोरीला लोंबत होता, आणि त्या ट्रकांच्या आवाजाच्या वरताण ओरडल्या, "जोगा, मी तुले दोनशे डिग्री सांगितलं होतं. दोनशे नाई. एकशे ऐंशी होय. लिवून घे."

खिशात पेन नव्हतं, पण विसरलो नाही.

मी आता गावाजवळच्या आश्रमशाळेत शिकवतो. माझ्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आहे. परवा मी बाईंना पत्र टाकलं, ते असं.

आदरणीय बाई,

जय भीम, जय सेवा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही "आलं, आलं" म्हणता, म्हणून लिहितो आहे. आईचा गुडघा बरा आहे, तुमचा कसा आहे ते कळवा. तुम्ही विचारलं होतं ना, दुसरा काऊन नाई झाला? माझी बहीण मनकू शेवटच्या वर्षाला आहे. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, कारण ती मला विचारते आणि मी तुमच्या तासाच्या वह्या पाहून सांगतो.

तुम्ही अंगणात मला एक प्रश्न विचारला होता, लाज कोणाची वाटली म्हणून. उत्तर बरेचदा लिहायला घेतलं. अजून नीट लिहिता येत नाही. आलात की तोंडी सांगेन.

मोह वेचून झाला. यंदा आंबा फार आहे, फांद्या टेकल्या आहेत. गायत्याने पंडुमाचा दिवस ठरवला होता. बाबा त्याच्याकडे जाऊन बसले आणि तो दिवस त्यांनी मोडायला लावला. दुसरा ठरवला नाही. तुमचं पत्र येईल त्यावरून ठरवायचं असं गावाने म्हटलं आहे. मी मोटारसायकल घेऊन एटापल्लीच्या थांब्यावर येईन. मैदा आणि लोणी इथे मिळतं, बर्फ आणू नका, पाईचं पुस्तक आणा.

तुम्ही येईपर्यंत इथे कोणी आंब्याला तोंड लावणार नाही. पोरं दिवसभर झाडाखाली बसून असतात आणि मी दिसलो की विचारतात, बाई निघाल्या का? लवकर या.

तुमचा,
शेवटच्या बाकावरचा जोगा